साळूबाईचं कोपर आणि बिनटाकीचा गिझर

…नाय, तुम्हीच सांगा, मागितलं काय होतं मी? गरम पाणी! विमान मागितलं नव्हतं, रायगडावर माझ्या एकट्यासाठी वेगळा रोपवे बांधा असं म्हटलं नव्हतं, बादलीभर गरम पाणी हो, हात घातला तर तोंडातून 'हां' निघावं इतपत गरम, बस्स! आणि त्या बादलीपायी अकरा दिवस माझी जी वरात निघाली ती महाडपासून पोलादपूरपर्यंत सगळ्यांनी बघितली, तुम्ही तेवढे राहिलात, म्हणून सांगतो. बसा. घाई हाय का कुणाला?

आंबेनळी घाट चढायला लागलात की दुसऱ्या वळणावर डाव्या हाताला खाली कौलं दिसतात बघा, ती आमची वाडी. त्यात फणसाच्या सावलीत जे घर, ते या मालोजीचं. वीस वर्षं मी मुंबईत लिफ्ट चालवली, त्यामुळे बटण दाबलं की काहीतरी वर गेलं पाहिजे नायतर खाली आलं पाहिजे यावर माझी श्रद्धा हाय. आता भातशेती करतो. भाताला बटण नाय, हेच एक दुःख.

तर लेक माझी, दिशा, डोंबिवलीला दिलेली. तिला आठवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे? बायकोनं, म्हणजे चंद्रभागेनं, डिंक आणला, हळीव आणले, खोली सारवून ठेवली… आणि विहीणबाईंचा फोन! शर्मिलाताई. बाई वाईट नाय हां, पण आवाज असा, की आपण काही केलेलं नसताना माफी मागावीशी वाटते. "मालोजीराव, राग मानू नका, पण तुमच्याकडे आता थंडी, त्यात तो घाट. गरम पाण्याची सोय काय? आमच्याकडे टँकलेस आहे. नळ फिरवला की गरम पाणी. टाकी नाही, वाट बघणं नाही. तेव्हा मी म्हणते, बाळंतपण इकडेच होऊ दे."

आता सोय कसली सांगायची? आमच्याकडे तांब्याचा बंब, परसात उभा, लाकडं घालायची, फुंकायचं, डोळे पुसायचे. तेवढ्यात फोन खडखडला, आणि हळूच, अगदी कुणाच्या नकळत बोलल्यासारखा, लेकीचा आवाज आला… "बाबा, मला घरी यायचंय."

एवढंच! आता तुम्ही बाप असाल तर पुढचं मला सांगायला नको, आणि नसाल तर सांगून उपयोग नाय. विहीणबाई पुन्हा फोनवर आल्या आणि माझ्या तोंडातून शब्द गेले, "अहो ताई, टँकलेस ना? आमच्याकडे गेल्या दिवाळीलाच बसला!"

चंद्रभागा तांदूळ निवडत होती. तिच्या हातातलं सूप खाली आलं.

"हो का?" विहीणबाई म्हणाल्या, "मग मीच येते सोडायला. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. डोळ्यांनी बघते. सोय असेल तर ठेवते, नाहीतर त्याच गाडीनं परत आणते."

फोन ठेवला. चंद्रभागा म्हणते, "अवो, खोटं बोलायला तुम्हाला लाईट पन लागत नाय नि गॅस पन लागत नाय. तुम्हालाच का नाय टांगत भिंतीला?"

बघा, आणि मागितलं काय होतं? गरम पाणी!

दुसऱ्या दिवशी महाड. भरतचं दुकान. भरत म्हणजे आपल्याकडचाच पोरगा, नळ, पंप, गिझर, सगळं विकतो आणि बसवतो पण तोच. त्यानं दोन वस्तू माझ्यापुढे ठेवल्या. एक टाकीचा गिझर, गोलमटोल, पोट सुटलेल्या हवालदारासारखा. दुसरा चपटा, भिंतीवरच्या देवघराएवढा. "काका, सोपं आहे. हा टाकीचा, पंचवीस लिटर आत साठवतो, तापवतो, मग देतो. विजेवर. हा टँकलेस, गॅसवर. साठवत नाही. पाणी आलं की पेटतो, पाणी थांबलं की विझतो. लाईट गेली तरी चालतो, आत दोन सेल असतात."

मी म्हटलं, उघड. त्यानं उघडला. आत बघितलं आणि तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. आत काही नाय हो! एक तांब्याची नळी, नागमोडी, चकल्या घातल्यासारखी, आणि खाली जाळाची जागा. त्या नळीत पाणी शिरताना गार, निघताना गरम, आणि मधे अंतर किती? माझ्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत! एवढ्या अंतरात पाण्याचा स्वभाव बदलतो? आमच्याकडे माणूस तीस-तीस वर्षं मुंबईत राहून येतो, त्याचा बदलत नाय! मी दोन्ही हात जोडले. खरंच जोडले. भरत म्हणतो, "काका, गिऱ्हाईकं बघतायत."

मग तो विचारतो, "पाण्याला प्रेशर किती आहे?"

आता लिफ्टवाल्याला प्रेशर विचारता? म्हटलं, भरपूर!

आणलं. बसवलं. न्हाणीच्या भिंतीवर, टिळा लावला, नारळ फोडला. पाणी येणार छपरावरच्या टाकीतून. नळ फिरवला… पाणी आलं. कसं आलं? लाजत. नवी नवरी उंबरा ओलांडते तसं, एक थेंब, थांबली, मागे बघितलं, दुसरा थेंब. गिझर टिक-टिक-टिक-टिक करतोय, पेटायलाच तयार नाय! भरतनं मान हलवली. "काका, टाकी डोक्यावर चार फूट. एवढ्या प्रेशरवर हा पेटणार नाही. टाकी उंच करा."

उंच? कुठं उंच? आणि मग माझं लक्ष वर गेलं. आमच्या घरामागं डोंगर. डोंगरात झरा. बारमाही, पिढ्यान् पिढ्या वाहतोय, तिथून वाडीनं पाईप टाकून पाणी खाली आणलंय. मी म्हटलं, भरत, टाकी कशाला पाहिजे मधे? टँकलेस ना तो? मग झरा थेट जोड!

भरत म्हणाला, "काका, विचार करा." वीस वर्षं मी लोकांना दहाव्या मजल्यावर नेलं, विचार काय करायचा?

जोडला. तीनशे फुटांवरून डोंगर उतरून येणारं पाणी, मधे अडवायला कोणी नाय, आणि मी नळ फिरवला. तुम्हाला सांगतो, खोटं वाटेल, पण फणस अजून जागेवर हाय, जाऊन विचारा त्याला! भरतनं नळाला लावलेली फवाऱ्याची जाळी जी उडाली, ती न्हाणीच्या दारातून बाहेर, परस ओलांडून, थेट फणसाला! दोन कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस हो, पडल्या, त्यांची त्या दिवशी भाजी झाली. म्हैस बांधलेली पलीकडे, तिच्यावर धार गेली, इतकी स्वच्छ झाली की चंद्रभागा तिला ओळखेना, म्हणे ही कुणाची म्हैस आपल्या गोठ्यात? आणि गिझर? गिझर पेटला! भप्प! निळा जाळ, मोरपिसासारखा! मी आनंदानं हात घातला धारेत…

गार.

अहो, गार! जाळ पेटलेला, नळी तापलेली, आणि पाणी गार! का? भरत सांगतो, "काका, पाणी इतक्या वेगानं जातंय की त्याला तापायला सवडच नाही." म्हणजे बघा, आधी पाणी येत नव्हतं म्हणून तापत नव्हतं, आता येतंय म्हणून तापत नाय! हे यंत्र हाय की माझा सख्खा भाऊ?

मग भरतनं मधे एक कॉक बसवला. फिरवला… जाळ विझला. उलट फिरवला… पाणी गार. केसभर इकडे, केसभर तिकडे, दीड तास तो तिजोरी उघडणाऱ्या चोरासारखा कान लावून बसला, आणि मग एका जागी, फक्त एका जागी… ऊन ऊन पाणी! वाफ! मी चंद्रभागेला हाक मारली, "ये गो, ये लवकर!" ती आली, हात घातला. तिनं आत जाऊन कुंकू आणलं आणि कॉक जिथं होता तिथं एक टिपका लावला, म्हणजे पुन्हा चुकायला नको. आम्ही दोघं त्या धारेकडे बघत उभे. पंचवीस वर्षं ती फुंकणी घेऊन बंबासमोर बसली हो, आणि इथे कुणी फुंकत नाय, नि जाळ हाय! मला वाटलं, जिंकलो. लेक आली घरी.

तेवढ्यात साळूबाई.

साळूबाई म्हणजे कोण, तर आमच्या खोऱ्यातली अशी एक वाडी नाय जिथलं पोर तिच्या पायांवर आंघोळ केलेलं नाय. बाळंतिणीला तेल लावणार ती, ऊन पाणी घालणार ती, बाळाला न्हाऊ घालणार ती. वय? मला न्हाऊ घातलंय तिनं, आता तुम्हीच करा हिशेब. ती न्हाणीत शिरली, धारेकडे बघितलं नाय, गिझरकडे बघितलं नाय, सरळ वर बघितलं. "मालू, ती खिडकी बुजव."

भरत म्हणतो, "आजी, खिडकी उघडीच पाहिजे. हा गॅसवर जळतो, खोलीतली हवा खातो. बंद खोलीत माणूस गुदमरतं. खरं तर हा बाहेरच पाहिजे, भिंतीच्या पलीकडे."

"बाळंतिणीला वारा लागता नये."

"आजी, जीवाला धोका आहे!"

"वाऱ्यानं काय धोका नाय? चाळीस दिस दारखिडकी लावूनच न्हाणं व्हतं. तुझी आय पन तशीच न्हाली, मीच घातलं पानी. इचार तिला."

भरत अडकला! इकडे शास्त्र, तिकडे त्याची आई! मी म्हटलं, यंत्र भिंतीबाहेर लावू, खिडकी बुजवू. लावलं बाहेर. तर डोंगरावरून वारा आला, जाळ विझला. आडोसा केला, तर भरत म्हणतो आडोशानं पुन्हा तेच, धूर कोंडणार. आणि पेटला असता तरी काय? साळूबाई म्हणाली, "ह्याची धार सुटली की सुटली. मला बाळाला एक तांब्या घालून थांबाय लागतं, बाळ श्वास घेतं, मग दुसरा. हा थांबतो का?" भरत म्हणाला, "थांबतो, पण मग विझतो. पुन्हा पेटेपर्यंत थोडं गार पाणी येतं." गार पाणी. बाळावर. भरतनं मुकाट्यानं पाना काढला आणि यंत्र उतरवायला घेतलं.

आणि मागितलं काय होतं मी? अहो, गरम पाणी!

चला, म्हटलं टाकीचा. भरतनं तो बदलून दिला, बिचारा, हवालदार आला भिंतीवर. साळूबाईला खिडकी बंद मिळाली, भरतला चिंता नाय, आणि विहीणबाईंना काय, दुरून बघितलं की गिझर तो गिझरच! बटण दाबलं. लाल दिवा लागला. पण आमच्याकडे वीज कशी, घाट चढून येते, येईपर्यंत दमते. सकाळी भाकऱ्या थापायच्या वेळी बटण दाबलं, दुपारी भात झोडणारी माणसं जेवून उठली, तेव्हा पाणी कोमट! आणि साळूबाईला लागतं किती? बाळंतिणीला दोन हंडे, बाळाला एक. ती टाकी बघून म्हणाली, "एवढ्यात माझ्या बाळाचं पाय भिजतील." तरी मी म्हटलं, असू दे, तपासायला येणाऱ्या माणसापुरतं पुरेल. शनिवारी पहाटेपासून बटण दाबून ठेवायचं, रविवारपर्यंत उकळी फुटेलच!

रविवार. सकाळी दहा वाजता गाडी घाटाच्या वळणावर दिसली आणि लाईट गेली. वरच्या अंगाला कुठंतरी लाईनीवर झाड कललेलं, ते तोडणार, म्हणून दिवसभर नाय. टाकीत आदल्या दिवसाचं होतं ते तरी असेल म्हणून नळ सोडला, तर कळलं, चंद्रभागेनं सकाळी त्यात घर पुसून घेतलं, पाहुणे येणार म्हणून!

दिशा उतरली. एक हात कमरेवर, एक पोटावर, माझ्याकडे बघितलं… डोळ्यांनीच विचारलं, बाबा, आहे ना? आणि मी, ज्याला खोटं बोलायला लाईट पण लागत नाय, त्या मालोजीच्या तोंडातून शब्द फुटेना! विहीणबाई चप्पल काढायच्या आधी म्हणाल्या, "बघू या, कुठे आहे तुमचा टँकलेस?" ड्रायव्हरला म्हणाल्या, "सामान उतरवू नका अजून."

मी पाय ओढत परसात गेलो. आणि थांबलो. परसात बंब पेटलेला! कधी पेटवला, कुणी पेटवला, साळूबाईनं! चिंचेनं घासलेला, तांब्याचा, लखलख, असा की उगवत्या सूर्यानं बघितलं असतं तर मावळून गेला असता! मधल्या नळीत निखारे, वर वाफ, आणि साळूबाई शेजारी पाय पसरून बसलेली. तिनं गार पाण्याचा एक तांब्या वरच्या तोंडात ओतला… आणि बाजूच्या तोटीतून तेवढंच, बरोब्बर एक तांब्या, कढत पाणी बाहेर आलं. दुसरा ओतला. दुसरा आला. वाट बघणं नाय!

चाळीस वर्षं तो बंब मी बघतोय. त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. तीच तांब्याची नळी, तोच मधला जाळ, इकडून गार, तिकडून गरम! मी महाडला जाऊन हात कुणाला जोडले होते हो?

आणि मग मात्र सुटलो मी. "या ताई! हाच! एकीकडून गार घाला, दुसरीकडून गरम घ्या, थांबलात तर थांबतो, पण विझत नाय! बटण नाय, सेल नाय, लाईट लागत नाय, प्रेशर लागत नाय, आणि जाळ उघड्यावर, पाणी आत, खिडकी खुशाल बंद!" चंद्रभागा पदरात तोंड लपवून उभी. दिशा खाली बघतेय, खांदे हलतायत.

विहीणबाईंचा चेहरा दगड. पर्स उघडली, आणि आतून काढला एक मासा. प्लास्टिकचा, पिवळा, पोटावर डिग्रीचे आकडे. "हा बाळाच्या पाण्यात सोडायचा. सदतीस दाखवला पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. ते तुमच्या बंबाला कसं कळणार?"

साळूबाई म्हणते, "मासा पन न्हानार हाय का?"

मग तिनं परात घेतली, कढत ओतलं, गार ओतलं, बाही वर केली आणि कोपर बुडवलं. डोळे मिटले. तुम्हाला सांगतो, आमच्या परसात कावळा पण गप्प झाला. "अजून अर्धा तांब्या गार." घातलं. कोपर. "हां. सोडा तुमचा मासा."

मासा सोडला. हलला, डुलला, स्थिर झाला. विहीणबाई वाकल्या. सदतीस.

"योगायोग आहे," त्या म्हणाल्या. साळूबाईनं परात उपडी केली. पुन्हा कढत, पुन्हा गार, पुन्हा कोपर. सदतीस. तिसऱ्यांदा विहीणबाईंनी स्वतः पाणी मिसळलं, साळूबाईला दाखवलं नाय, आणि विचारलं, आता? साळूबाई म्हणाली, "भाजंल." मासा म्हणाला एक्केचाळीस! अहो, भरतच्या दुकानात जे काही टांगलंय ना, ते सगळं एका बाजूला, आणि हे सुरकुतलेलं कोपर एका बाजूला! कोणत्या कारखान्यात बनलं, कधी सर्व्हिसिंगला गेलं? चारशे पोरं बुडवून काढलीत त्यानं, एक भाजलं नाय, एक गारठलं नाय!

विहीणबाईंनी मासा पदराला पुसून पर्समधे ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "साळूबाई… घाटात माझी पाठ फार आखडली हो." साळूबाई म्हणाली, "चला आत. दार लावा. वारा नको."

तासाभरानं त्या बाहेर आल्या. त्या आल्या म्हणजे, त्यांच्याच शरीरातून कुणी वेगळीच बाई आली! गाल लाल, केस मोकळे, आवाज इतका मऊ, की माफी मागावीशी वाटेना. ड्रायव्हरला म्हणाल्या, "दिशाचं सामान उतरवा." दिशानं माझा हात धरला आणि घट्ट दाबला. बस्स. अकरा दिवसांचा हिशेब चुकता.

पोरगी झाली, महाडला, दवाखान्यात, सुखरूप. घरी आणली, आणि पहिल्या दिवशी साळूबाईनं पाय लांब केले, त्यावर तो जीव ठेवला, माझ्या तळव्याएवढा, घर डोक्यावर घेऊन रडणारा. तिनं कोपर बुडवलं, एक तांब्या घातला… आणि पोरगी गप्प. अशी गप्प, डोळे उघडे, जणू कुणीतरी तिच्या कानात सांगितलं की, आलीस का, बरं झालं. दार लावायच्या आधी फटीतून मी बघितलं एवढंच. साळूबाई ओरडली, "मालू, वारा येतोय!" लावलं दार.

आणि विहीणबाई? त्या बारशाला आल्या, त्या गेल्याच नाय. म्हणतात, चाळीस दिवस काढूनच जाईन, पाठीला फार बरं वाटतं. रोज डोंबिवलीच्या मैत्रिणीला फोन करून सांगतात, "अगं, इकडची सोय बघ, हाक मारली की गरम पाणी. इन्स्टंट!"

ते इन्स्टंट म्हणजे मी. पहाटे उठून लाकडं फोडतो, बंब पेटवतो, फुंकतो, डोळे पुसतो. पहिले दोन हंडे लेकीचे, तिसरा नातीचा, चौथा-पाचवा विहीणबाईंच्या पाठीचा, सहावा साळूबाईचा, आणि माझी पाळी येईपर्यंत निखारे विझतात. मग मी मुकाट्यानं डोंगराचा तो थेट पाईप उघडतो आणि त्याच्याखाली उभा राहतो. गार. पण प्रेशर, तुम्हाला सांगतो, प्रेशर बघत राहावं असं!